कुंडीला आग्रह नको

नागपूरची कीर्ती उन्हाळ्याची. बाहेरगावचा माणूस नागपूरचं नाव काढलं की आधी संत्री म्हणतो आणि लगेच ‘बापरे, काय ऊन तुमच्याकडे!’ म्हणतो. आपणही ते कौतुकच समजून मान डोलावतो. मे महिन्यात पारा ४७च्या आसपास गेला की इतर गावांतली माणसं काळजीत पडतात. नागपूरकर मात्र चंद्रपूरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा तर नाही ना, हे आधी पेपरात बघून घेतो. या सगळ्या गवगव्यात आमच्या थंडीवर फार अन्याय झाला आहे. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात किमान तापमान ३.५ अंश नोंदवलं गेलं. शहराच्या नोंदींतला हा नीचांक. पण मुंबईच्या नातेवाइकांना हा आकडा सांगून पाहा. ‘दशांशचिन्ह चुकून पडलं असेल, पस्तीस असेल ते,’ असं म्हणून ते विषय बदलतात.

भूगोलाचं पुस्तकही त्यांच्याच बाजूचं. नागपूर एकवीस अंश अक्षांशावर, आणि कर्कवृत्त इथून सुमारे अडीचशे किलोमीटर उत्तरेला. म्हणजे कागदोपत्री आपण उष्णकटिबंधाचे कायम रहिवासी. दिवाणखान्यात हौसेने आणून ठेवलेली झाडंही उष्णकटिबंधातलीच. मग दोघांनी एका छताखाली सुखाने नांदायला हरकत काय? हरकत डिसेंबरात येते. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो कोस लांब. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर जमिनीने गोळा केलेली ऊब रात्री थेट आभाळात निघून जाते, अडवायला ना ढग ना दमट हवा. दुपारी अठ्ठावीस अंश आणि पहाटे दहा-बारा, असा हा कारभार. सकाळी स्वेटर, दुपारी बाह्या सरसावून बसायचं, संध्याकाळी पुन्हा स्वेटर. माणसाचं यात काही बिघडत नाही. कुंडीतल्या झाडाला मात्र स्वेटर काढता-घालता येत नाही.

ही कुंडीतली मंडळी आहेत तरी कुठली? मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. मॉन्स्टेरा मेक्सिकोच्या दक्षिणेकडून पनामापर्यंतच्या दमट रानांतला. अरेका पाम मादागास्करचा. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा, तर झेडझेड प्लांट पूर्व आफ्रिकेचा. पीस लिलीच्या नातलगांची वस्ती मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. एकटा रबर प्लांट काय तो आपला, ईशान्येकडचा. एरवी पासपोर्ट तपासायला बसलो तर दिवाणखान्यात भारतीय नागरिक फार थोडे सापडतील. बहुतेकांच्या मूळ गावी बारा महिने ओलसर हवा आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात फार फरक नाही. पारा दहा-बारा अंशांच्या खाली रेंगाळला की यांतल्या बऱ्याच जणांच्या पानांवर काळपट डाग उठतात, कडा वाळतात, वाढ थांबते. मोओरेआहून निघताना त्यांना वाटेत नागपूर लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

थंड देशांतल्या श्रीमंतांनी या झाडांसाठी काय काय केलं, ते वाचलं की थक्क व्हायला होतं. लंडनजवळच्या क्यू बागेतलं पाम हाऊस १८४८मध्ये बांधून पुरं झालं. लोखंड आणि काचेचा तो प्रचंड महाल, तळघरात कोळशाच्या भट्ट्या, आणि धुराने काचेची शोभा जाऊ नये म्हणून धूर भुयारातून लांबच्या मनोऱ्याकडे नेलेला. सगळा खटाटोप ताडामाडांना थंडी वाजू नये एवढ्यासाठी. आजही त्या देशांतले जाणकार मोबाइलवरून सल्ला देतात: हीटरजवळ कुंडी ठेवू नका, खोलीत दमटपणा आणणारं यंत्र लावा, झाडांवर दिवा सोडा. आमच्या प्रतापनगरात किंवा धरमपेठेत बसून हे ऐकणारा माणूस भारावून जातो आणि खिडक्या लावून घेतो. अहो, पण दुपारी बारा वाजता बाहेर अठ्ठावीस अंशांचं लख्ख ऊन पडलेलं आहे! त्यासाठी क्यूच्या माळ्यांनी वॅगन भरभरून कोळसा जाळला. आपल्याकडे ते फुकट आहे, आणि आपण पडदा ओढून बसलो आहोत.

नागपुरात घरातली झाडं थंडीने फारशी मरत नाहीत. साडेतीन अंशांची पहाट वर्षानुवर्षांत एखादी येते, आणि भिंतींच्या आत तेवढा गारठा पोचतही नाही. झाडं मरतात ती आपल्या प्रेमाने. नेमकं सांगायचं तर पाण्याने. आणि हे पाणी घालणारा हात आळशी माणसाचा नसतो, काळजी घेणाऱ्या माणसाचा असतो. यातच सगळी गोची आहे.

विदर्भात पाहुण्याला ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार नाही. तो ‘पुरे’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘अजून एक वाढा’ असा घेतला जातो. ‘घ्या न जी, काही नाही होत’ हे इथल्या पंगतीचं ब्रीद. ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून पुरणपोळीवर तूप ओतणारी माणसं आपण. त्याच माणसांच्या घरी कुंडीतलं झाड राहायला आलं, आणि झाडाला तर हात आडवा धरण्याचीही सोय नाही. मग सकाळी चहा झाला की एक तांब्या. आजोबा फिरून आले की त्यांचा एक मग. धुणं-भांडीवाल्या मावशी जाता जाता उरलेलं पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ओततात. शाळेतून आलेलं नातवंड बाटलीतलं उरलेलं तिथेच रिकामं करतं. घरातल्या प्रत्येकाला वाटतं, आज झाडाकडे आपणच काय ते पाहिलं.

उन्हाळ्यात हे सगळं खपून जातं. एप्रिल-मेमध्ये गॅलरीतली कुंडी सकाळी भरली तर संध्याकाळी ठणठणीत कोरडी. त्या दिवसांत आपल्या हाताला जी सवय लागते ती डिसेंबरात सुटत नाही. नागपूरकराचं बागकामाचं सगळं शिक्षण उन्हाळ्याच्या शाळेत झालेलं असतं. हिरवी जाळी बांधा, दोनदा पाणी घाला, कूलरच्या वाऱ्याच्या तोंडी कुंडी ठेवू नका. हिवाळ्याचा अभ्यासक्रम मात्र कुणी शिकवत नाही.

तो शिकवला तर माळीच शिकवतो. आमच्या कॉलनीत महिन्यातून एकदा येणारा माळी आणि शेजारच्या काकू यांच्यातला संवाद मी कुंपणाआडून ऐकलेला आहे. काकूंची पीस लिली मान टाकून बसली होती. पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होती.

‘भाऊ, पाहा ना कशी झाली ही. रोज पाणी घालते बरं का मी. कालपासून दोनदा घालते आहे.’

माळ्याने मातीत बोट खुपसलं आणि वास घेतला.

‘तहान नाही लागली जी त्याले, काकू. बुडून राह्यलं ते.’

‘असं कसं? पानं तर कोमेजली ना?’

‘हिवाळ्यात तुमी किती पाणी पेता? घागरभर पेता का? मंग त्याले काहून पाजता?’

काकू गप्प झाल्या. माळ्याने कुंडी आडवी करून, कडेवर दोन थापा मारून मातीचा गोळा अलगद बाहेर काढला. निरोगी मूळ पांढरट असतं आणि हाताला टणक लागतं. इथे तांबूस-काळपट, लिबलिबीत धागे होते. एक धरून ओढला तर वरचं साल हातात आलं आणि आतला दोरा मागे राहिला. नालीजवळून जाताना येतो तसला वास सुटला. मातीचा खालचा निम्मा भाग अजून ठिबकत होता, आणि खालच्या ताटलीत आदल्या दिवसांचं पाणी साचून त्यावर धुळीची साय आली होती.

मातीखाली घडतं ते असं. झाड पाणी ओढतं ते मुख्यतः पानांतून वाफ उडते म्हणून. ऊन कमी, दिवस लहान, वाढ थंडावलेली, म्हणजे ओढच कमी. माती गार पडली की मुळांची पाणी शोषण्याची ताकदही उतरते. ओतलेलं पाणी मग कुंडीतच मुक्काम ठोकतं. मातीच्या कणांमधल्या ज्या पोकळ्यांतून मुळांना हवा मिळायची त्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, आणि बुरशी संधी साधते. सडलेल्या मुळांना पाणी उचलता येत नाही, म्हणून वर पानं कोमेजतात. मालकाला दिसतात फक्त पानं. तो म्हणतो, ‘अरे, सुकलं!’ आणि आणखी एक तांब्या ओततो. तहानेने मान टाकलेलं झाड आणि बुडून मान टाकलेलं झाड वरून पाहिलं तर सारखंच दिसतं. फरक फक्त मातीला ठाऊक असतो, म्हणून विचारायचं ते मातीला. बोट दोन पेरं आत घालायचं. गार आणि ओलसर लागलं तर हात पुसायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

यात गंमत अशी की हे ज्ञान नागपूरला नवं नाही. डिसेंबर-जानेवारीत काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीकडे जाऊन पाहा. संत्र्याच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात. आंबिया बहार धरायचा तर जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाडांचं पाणी बंद. पानं मलूल होतात, काही गळतात, बाग उदास दिसते. बागाईतदार बांधावर उभा राहून पाहतो आणि मोटारीचं बटण दाबत नाही. झाड विश्रांती घेतं, आणि मग खत-पाणी मिळालं की पांढऱ्या फुलांनी बहरून येतं. मधेच अवकाळी पाऊस कोसळला तर ताण मोडतो आणि वर्षाचं गणित विस्कटतं. बाकी जग पाऊस मागतं तेव्हा हा माणूस कोरड्या आभाळासाठी हात जोडतो. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था अमरावती रोडवर आहे. नागपुरी संत्र्याला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानात या न दिलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे.

आणि याच बागाईतदाराचा नागपुरात फ्लॅट असतो, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला. शनिवारी तो मुक्कामाला येतो. शेतावर शेकडो झाडांना काळीज घट्ट करून कोरडं ठेवून आलेला हा माणूस सोफ्यावर टेकतो, समोरच्या मनीप्लांटचं एक पिवळं पान पाहतो आणि आत हाक मारतो, ‘अगं, याला कुणी पाणी घालतं की नाही?’ शेतातलं शहाणपण लिफ्टने वर येत नाही. झाडाला बहर आला की पैसे मिळणार असले, तर माणूस झाडाचं ऐकतो. शोभेच्या झाडावर नुसतं प्रेम करतो.

तुळशीचंही तेच. कार्तिकात वाजतगाजत लग्न लागतं, ऊस, आवळे, चिंचा, मंगलाष्टकं, सगळं यथासांग. आणि पुढच्या दोन महिन्यांत नवरी सुकत जाते. शेजारणी म्हणतात, लग्न मानवलं नाही. खरं कारण एवढंच की तुळशीला ऊब लागते. पहाटेच्या गारठ्याने तिची पानं काळवंडून गळतात, त्यात मंजिऱ्या भरभरून आलेल्या असतात आणि सगळा जीव बी धरण्यात जातो. पण रोज सकाळी पूजेचा तांब्या ठरलेला, आणि तो चुकवणं पाप. यावर जुन्या बायकांनी सरळ तोडगा काढून ठेवला आहे: पाणी पळीभर वाहायचं, मंजिऱ्या खुडून देवाला, आणि रात्री वृंदावनावर जुनी सुती ओढणी किंवा धोतराचं पान टाकायचं, सकाळी काढायचं. श्रद्धाही राहते, मुळंही राहतात.

मग हिवाळ्यात करायचं तरी काय? हात रिकामे ठेवणं नागपूरकराच्या स्वभावात नाही, तेव्हा त्याला एक काम देतो: उन्हाचा पाठलाग. मेच्या शेवटी इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, इतका की २६ मेच्या सुमारास भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलून माध्यान्हीलाही जेमतेम पंचेचाळीस अंशांवर राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत थेट आत शिरतं, जमिनीवर लांबलचक पट्टा पडतो. उन्हाळ्यात जी खिडकी कूलरने अडवलेली होती, तीच आता कामाची. ज्यांनी कूलर काढून माळ्यावर टाकला त्यांच्या लोखंडी स्टँडवर चार कुंड्या सुखाने बसतात. ज्यांचा कूलर वर्षभर प्लास्टिकचा बुरखा पांघरून तिथेच उभा असतो, त्यांच्याबद्दल झाडांचं मत चांगलं नाही.

या उन्हाच्या पट्ट्यावर हक्क सांगणारे मात्र बरेच. आजोबांची खुर्ची, पापडाचं ताट, धुतलेली गोधडी, मांजर. त्यात अरेका पाम ढकलला की कुरबूर सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका घरी यावर तोड निघाली आहे. सकाळी नऊ ते अकरा झाडं, नंतर आजोबा. अकराला आजोबा संत्री घेऊन बसतात आणि सोललेली सालं सवयीने जवळच्या कुंडीत टाकतात. सुनेने आता तिथे एक रिकामं टोपलं ठेवलं आहे. आजोबा टोपल्यावरून नेम धरून कुंडीतच टाकतात.

बाकीची कामं किरकोळ. कुंडी थेट गार फरशीवर नको, खाली लाकडी फळी किंवा गोणपाट घालावं. रात्री खिडकीच्या काचेला पानं टेकू देऊ नयेत. पाणी घालायचंच झालं तर उन्हं वर आल्यावर, आणि टाकीचं बर्फगार पाणी थोडा वेळ बादलीत ठेवून. ताटलीतलं ओतून द्यावं. खत फेब्रुवारीपर्यंत बंद. जे झाड जेवत नाही त्याच्यापुढे पंचपक्वान्न मांडून उपयोग नाही. कुंडी बदलण्याची हौसही तोवर आवरावी. कोरड्या हवेत पानांवर धुळीचा थर बसतो आणि पानामागे लाल कोळी जाळं विणतो, म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसावीत. ज्यांना झाडासाठी काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी हे पुसण्याचं काम उत्तम. वेळ भरपूर जातो आणि झाडाचं नुकसान होत नाही. झेडझेड आणि स्नेक प्लांटला तर महिनाभर विसरलात तरी ती तक्रार करणार नाहीत. झेडझेडचे मातीखालचे कंद पाण्याचा साठा धरून असतात. विसराळू माणसाला हिवाळ्यात फार चांगला माळी म्हणता येईल.

अर्थात हा ऋतू सगळ्यांना जाचत नाही. शेवंती, झेंडू, पिटुनिया, डेलिया, गुलाब यांचे हे सुगीचे दिवस. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. १९५३च्या नागपूर कराराने वर्षाकाठी एक अधिवेशन आपल्या पदरात पडलं. त्यानिमित्त सिव्हिल लाइन्समध्ये रंगरंगोटी होते, फुललेल्या कुंड्या ओळीने लागतात. मुंबईची मंडळी तिबेटी स्वेटरवाल्यांकडून जाड स्वेटर घेऊन नागपूरच्या हवेची तारीफ करतात. बाहेर असा फुलांचा दरबार भरलेला पाहून घरी आलं की आपला मॉन्स्टेरा फारच केविलवाणा वाटतो, आणि हात पुन्हा तांब्याकडे जातो. तिथेच स्वतःला आवरायचं. ज्याचा मोसम आहे तो फुलेल. ज्याचा नाही त्याने नुसतं तग धरून राहिलं तरी पुष्कळ. नवं पान आलं नाही म्हणून त्याला नापास करू नये.

हे सगळं फार दिवसांचं नाही. नागपूरचा हिवाळा येतो उशिरा आणि जातो घाईने. महाशिवरात्रीच्या आसपास उन्हाला धार येते, मनीप्लांटच्या टोकाला गुंडाळी केलेलं कोवळं पान दिसू लागतं, आणि माती दोन दिवसांत कोरडी पडते. त्या दिवशी तांब्या काढा, खत काढा, आग्रहाची सगळी हौस फेडून घ्या. एप्रिलमध्ये तर पाण्याला नाही म्हणायची सोयच राहणार नाही. तोवर एवढंच करा: झाडाकडे रोज बघा, मातीत बोट घाला, आणि ओल लागली तर तांब्या चहाच्या पाण्यासाठी वापरा. आजोबांना आणि मावशींनाही तसं सांगून ठेवा.